मास्तरांचा तुकडा मी वितळवला

यशा,

तुझ्यावरच्या पुस्तिकेसाठी प्रज्ञाने माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. म्हणाली, "काका, जन्म, शिक्षण, नोकरी हे आम्ही लिहितोय. तुम्ही बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. तुम्ही तुमचं लिहा." लेक तुझ्यावरच गेली आहे. काम सांगते आणि आपण काही बोलायच्या आत निघून जाते. चार दिवस मी कागद पुढे घेऊन नुसता बसलो. आज लिहायला घेतलं आहे.

पहिल्यांदा हेच सांगायला हवं. शाहूवाडीच्या शिवारात सापडलेला तुझा तो तुकडा चुकून भट्टीत गेला नव्हता. तो मी टाकला. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, शेडमध्ये कोणी नाही असं बघून.

पुढचं बरंचसं तुला पाठ आहे. पण वाचणाऱ्यांसाठी मला थोडं मागून यावं लागेल.

आपण कसबा बावड्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. तू बौद्ध वस्तीतला, मी पाटलांच्या आळीतला. गणितात तू पुढे आणि मस्तीत मी. तू शिकत गेलास आणि आपल्याच शाळेत विज्ञानाचा मास्तर झालास. मी शिरोलीला एमआयडीसीत लागलो. ॲल्युमिनियमची कास्टिंगं करणारी लहानशी फाउंड्री होती ती, आणि माझ्याकडे तपासणीचं काम होतं. साच्यातून निघालेला प्रत्येक भाग माझ्या टेबलावर यायचा. पास झाला की त्याच्यावर दोन खुणा ठोकायच्या. एक त्या दिवशीच्या रसाचा, म्हणजे वितळलेल्या धातूचा नंबर, दुसरी तपासणाऱ्याची. प्रत्येक तपासणाऱ्याचा पंच वेगळा असायचा. माझा होता छोटा त्रिकोण. पंच एकदा फरशीवर पडला होता, त्यामुळे त्याचा एक कोपरा तुटलेला उमटायचा. नवा पंच मागावा असं मला कधी वाटलं नाही. तुटक्या कोपऱ्यामुळे माझ्या खुणेची नक्कल कोणाला करता यायची नाही, याचा उलट जरा तोराच होता.

आपण चाळिशीला आलो त्या सुमाराला आमच्याकडे एक काम आलं. ताटाएवढ्या रिंगा, वजनाला हलक्या. ड्रॉइंगवर भागाचं नाव नव्हतं, फक्त नंबर. मालकांनी आम्हा तिघाचौघांना केबिनमध्ये बोलावून एका कागदावर सह्या घेतल्या. संरक्षण खात्याचं काम आहे, बाहेर बोलायचं नाही, एवढंच सांगितलं. मी घरी बायकोलाही बोललो नाही. तुलाही नाही.

त्याच हिवाळ्यात शाहूवाडीकडच्या डोंगरांवर लोकांना काहीतरी दिसायला लागलं. दिवस बुडाला की आभाळात एक चांदीचा मणी, न हलल्यासारखा, अर्धा-पाऊण तास. लोक तबकडी म्हणू लागले. तू दर रविवारी स्कूटर काढून तिकडे जायचास आणि ज्याने ज्याने पाहिलं त्याला गाठून वेळ, दिशा, उंची वहीत लिहून घ्यायचास. तू तबकडी हा शब्द कधीच वापरला नाहीस. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे सगळं गाव उलट समजून बसलं. माझ्या बायकोला तू आमच्या स्वयंपाकघरात बटाटा आणि बॅटरी घेऊन समजावलं होतंस. "वहिनी, हितं खाली दिवस मावळला तरी वर खूप उंचावर अजून ऊन असतंय. तिथं एखादा मोठा फुगा असला तर तो चमकणारच की. ह्यात परग्रह कुठं आला?" तिला ते एका दमात पटलं. नंतर त्याच बटाट्याची भाजी केली तिने, आणि तू ती खाऊन गेलास.

मग ते पुण्याचे गृहस्थ आले. त्यांचं नाव आपण दोघांनीही कधी घेतलं नाही. तू त्यांना पावणं म्हणायचास, मीही तेच म्हणतो. गावात त्यांचं भाषण झालं. आपण दोघं शेजारी बसून ऐकलं. पिरॅमिडखाली ठेवलेलं ब्लेड आपोआप धारदार होतं, नकाशावर लंबक धरला की जमिनीतला धातू कळतो, आणि तबकड्या चुंबकाच्या जोरावर उडतात. तू मध्येच उभा राहून विचारलंस की दाढीला आणलेलं ब्लेड आहे का, आत्ता ठेवून बघू. हॉल हसला. पावणंही हसले. भाषण संपल्यावर ते स्वतः तुझ्याकडे आले आणि तुझ्या वहीतल्या नोंदी उतरवून मागितल्या. तू दिल्यास. ज्ञान दाबून ठेवायचं नसतं, म्हणालास.

परतताना तू बावड्याच्या नाक्यावर स्कूटर थांबवलीस आणि म्हणालास, "शंक्या, ह्या माणसानं दिशा विचारली, वारा विचारला, कुठल्या शिवारात उतरलं ते विचारलं. पर आतनं कोण बाहेर आलं का, हे एकदा बी विचारलं न्हाई. तबकडीवर विश्वास असणारा माणूस पहिला प्रश्न त्योच विचारंल की. ह्यो दुसरंच कायतरी हुडकतोय, लष्कराचं बी असंल."

मी हसून सोडून दिलं. महिन्याभराने पावणं आमच्या फाउंड्रीत आले.

मालकांच्या गाडीतून उतरले, त्या रिंगांची ड्रॉइंगं घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर. माझ्या टेबलाशी थांबून एक रिंग उचलली, उजेडात फिरवली आणि विचारलं, "हा त्रिकोण कोणाचा?" मी माझा म्हटलं. ते म्हणाले, "छान आहे. लगेच ओळखू येतो."

बस, एवढंच. पण ते शब्द पुढे अनेक वर्षं माझ्या कानातून गेले नाहीत. त्यांनी मला हॉलमध्ये तुझ्या शेजारी पाहिलं होतं का, कुणास ठाऊक. मी त्या दिवशीच तुझ्याकडे येऊन सांगायला हवं होतं की तुझा संशय खरा आहे. मी आलो नाही. सही केलेली होती, आणि सहीपेक्षा ते वाक्य मोठं झालं होतं.

पुढच्या पंधरवड्यात तू माझ्या दारात उभा. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा काढलास. भाताच्या खाचरात एका शेतकऱ्याला सापडला होता. बरोबर चंदेरी कापड होतं आणि बारीक दोऱ्या. कापड त्याने गंजीवर झाकायला घेतलं होतं, दोऱ्यांनी म्हैस बांधली होती. दोऱ्या लई चिवट हाईत, त्या न्हाई मिळायच्या, असं त्याने तुला बजावलं होतं. हा वाकडा तुकडा त्याच्या काही कामाचा नव्हता, म्हणून तुला मिळाला. तू लहान पोरासारखा खूश होतास. "तू धातूतला माणूस. कशाचा हाय, कुठं झालाय, बघून सांग. शनिवारी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडणार हाय. पेपरवाल्याला बोलावलंय."

मी तुकडा उलटा केला. अर्धा रसाचा नंबर होता, आणि त्याच्या शेजारी तुटक्या कोपऱ्याचा त्रिकोण.

तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी म्हटलं, बघतो, ठेव.

पुढचं वर सुरुवातीलाच सांगितलं आहे. आमच्याकडे शिरस्ता असा की जमिनीवर बिनचिठ्ठीचं ॲल्युमिनियम पडलेलं दिसलं की ते परत भट्टीत जायचं. सगळ्यांना हे माहीत होतं, तुलाही. म्हणून तुकडा चुकून गेला हे तुला पटणार, हेही मला माहीत होतं. रस आधीच तयार होता. चिमट्याने सोडला. काही क्षण तो वर तरंगला, मग कडा गोल झाल्या, मग काही नाही. मला कोणी धमकी दिली नव्हती, कोणी सांगितलंही नव्हतं. मी आपल्या मनाने घाबरलो आणि आपल्या मनाने केलं.

तुला मी काही कळवलं नाही, आणि शनिवारी तू फळ्यावर तीन वर्तुळं काढली होतीस. एकात तबकड्या शोधणारे, दुसऱ्यात पिरॅमिड आणि लंबकवाले, तिसऱ्यात लष्करी कामं. तू म्हणालास की लोकांना वाटतं ही तीन वेगळी गावं आहेत. पण ह्या तिन्ही गावांत एकाच माणसाची ये-जा चालू आहे, आणि आकाशातला मणी हे आपल्याच देशाचं यंत्र आहे. मग तू माझ्याकडे हात केलास. पुरावा शंकररावांकडे आहे.

मी पहिल्या बाकावर होतो. उठून म्हणालो की तो तुकडा मला पंपाचा भाग वाटला होता, आणि दुर्दैवाने कामगारांच्या चुकीने तो भट्टीत गेला.

वर्ग हसला. पालक हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "मास्तरांची तबकडी भट्टीत". जो माणूस परग्रह नाही, परग्रह नाही म्हणून घसा कोरडा करत होता, तोच तबकडी मास्तर झाला. तू कुठल्या वस्तीतला हे हसणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे हसणं आणखी सोपं गेलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या संध्याकाळी तू मला शोधत घरी आलास. मी तोंड लपवून बसलो होतो. तू म्हणालास, "नुकसान माझं झालंय, तू कशाला तोंड पाडून बसलायस मर्दा? चूक कामगाराची. चहा सांग." आणि तू चहा पिऊन गेलास. यशा, तू शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित मी त्याच दिवशी बोललो असतो.

नुसत्या टोपणनावावर भागलं असतं तर तू ते हसत वागवलंच असतं. पण तुझं खरं काम वेगळं होतं. तू गावोगाव जाऊन अंगात येणं, भूत काढणं, गंडेदोरे यांच्याविरुद्ध बोलायचास. एकदा मी तुझ्याबरोबर आलो होतो. एका देवऋषाला तू चारचौघांत प्रश्न विचारत होतास, आणि तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमच्या तबकड्या तुमाला, आमचं भूत आमाला." सगळी बैठक हसत सुटली. तुझा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. परतताना एसटीत तू पन्हाळ्याच्या बाजूला बघत बसलास. तुझं आयुष्यभराचं हत्यार मी बोथट केलं होतं, आणि तेवढ्यातही माझ्या मांडीवरची बॅग तू, गुडघा दुखतो ना तुझा, असं म्हणून स्वतःकडे घेतलीस.

मालक निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना धीर करून सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून हसले. म्हणाले, "शंकर, त्यांची माणसं पडलेले तुकडे शोधत रानोमाळ फिरत होती रे. दिला असतास तर हार घालून आभार मानले असते." ते फुगे नेमके कशासाठी सोडत, हे त्यांनाही माहीत नव्हतं, मला आजही माहीत नाही. पण पावण्यांचं काम पडलेल्या जागा हुडकण्याचं होतं, आणि तबकडीची चौकशी करणारा माणूस गावात कोणाला खटकत नाही, म्हणून ते तसे फिरत. म्हणजे तू नव्याण्णव टक्के बरोबर होतास.

तो एक टक्का आता भांडून घेतो, कारण तू असतास तर सोडला नसतास. तुझं म्हणणं होतं की हे सगळं वरून ठरवून चाललंय, तबकडीची आवई मुद्दाम उठवली जाते. तसं नव्हतं. पावण्यांचा लंबकावर खरंच विश्वास होता! मालक सांगत होते की हरवलेली रिंग शोधायलाही ते आधी नकाशावर लंबक फिरवत, आणि मग तुझी वही बघत. तुझ्या वहीने सापडायची, श्रेय लंबकाला जायचं. तिन्ही वर्तुळं खरी होती. पण त्यांना जोडून ठेवणारी गोष्ट कोणाची हुशारी नव्हती. कोणी काही विचारत नव्हतं, कोणी काही सांगत नव्हतं, आणि मधल्या जागेत माझ्यासारखे सह्या करून गप्प बसलेले लोक होते. तुझ्या फळ्यावर चौथं वर्तुळ हवं होतं, यशा. ते पहिल्या बाकावर बसलं होतं, म्हणून तुला दिसलं नाही.

मालकांनी सांगितल्यावर तरी मी यायला हवं होतं. तेव्हा लाज आडवी आली. आधी भीतीने वीस वर्षं खाल्ली, मग लाजेने तेवढीच. आणि ह्या सगळ्या काळात तू माझ्याबरोबर होतास, हेही लिहायला हवं, नाहीतर हिशेब एकांगी होईल. माझी बायको गेली त्यानंतर पाच महिने तू रोज संध्याकाळी आलास. सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाहीस. दुर्बीण आणायचास, ती स्कूटरच्या सीटवर टेकवायचास आणि म्हणायचास, बघ, गुरूचे चार चंद्र. मला तीनच दिसायचे. तू म्हणायचास, चौथा मागं गेलाय, येईल. मी त्या आशेवर जेवायला लागलो. चांगली वर्षं होती ती. एवढा मोठा काटा पोटात असूनही चांगली होती, हे मला आज सांगता येतं.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, किंवा दार दाखवतील. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून संपवले, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "भावजी, माझ्याजवळ सांगून काय उपयोग? मी कधी हसले न्हाई त्यास्नी. जी हसली त्यांच्यापुढं सांगा."

म्हणून पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, लोक एकेक करून तुझ्याबद्दल बोलू लागले तेव्हा मीही उठलो. मांडव भरला होता. तुझे विद्यार्थी शाहूवाडीहून आले होते. मी तुझ्या फोटोकडे न बघता बोललो, हळू आवाजात, खाली मान घालून. संपवलं तेव्हा पुढच्या दोन रांगांनाच काय ते ऐकू गेलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय म्हणला त्यो?"

तुझ्या गल्लीतले रामू आप्पा. नव्वदीला टेकलेत, कान गेलेत. टोपणनाव कोणी काढलं याबद्दल वाद असेल. ते सगळ्यात जास्त त्यांनी वापरलं याबद्दल नाही. मी परत सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. प्रज्ञा उठून त्यांच्या कानाशी जायला लागली, पण वहिनींनी तिला हात धरून बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी मान वर केली आणि ओरडून सांगितलं, की आप्पा, तुकडा खरा हुता, आमच्याच फाउंड्रीतला हुता, मी वितळवला, आणि वर खोटं बोललो. मास्तर कधी तबकडी म्हणलाच न्हवता. बाहेर रस्त्यावरचे लोकही थांबले.

आप्पा काठीवर रेलून पुढे वाकले. "म्हंजी मास्तर बरोबर हुता."

"व्हय, आप्पा."

"आनि तू एवढी वर्षं गप बसलास."

"व्हय."

ते सरकले, शेजारच्या सतरंजीवर थाप मारली आणि प्रज्ञाला म्हणाले, ह्याला खीर वाढ, कवापास्नं उभा हाय. मी त्यांच्या शेजारी बसून खीर खाल्ली. कोणी माफ केलं म्हणालं नाही, कोणी शिवीही दिली नाही. शाहूवाडीचा तुझा एक विद्यार्थी जवळ येऊन फुग्यावर ऊन कसं पडतं ते परत विचारून गेला. मी बटाटा आणि बॅटरी सांगितली.

माफी मी तुझ्याकडे मागत नाही. तू देणार, हे माहीत असताना मागण्यात काही अर्थ नाही. फक्त एक बातमी सांगून थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे निघालो होतो. आप्पा नेहमीसारखे कट्ट्यावर. मंडपवाला टेम्पो घेऊन खुर्च्या परत न्यायला आला होता आणि घर चुकला होता. त्याने काच खाली करून मोठ्याने विचारलं, तबकडी मास्तरांचं घर कुठलं. तुझ्या गल्लीत इतकी वर्षं हाच पत्ता चालत आला. आप्पांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. त्यांनी काठी उचलून टेम्पोच्या दारावर आपटली.

"यशवंत मास्तर म्हन. तबकडी-बिबकडी कोण न्हाई हितं."